मधली खुर्ची

आल्तो पिएद्रा, चिरिकी, पनामा
३ ऑगस्ट

विहीणबाई डोन्या अदिलिया यांस,

तुमची तब्येत उत्तम असणार, कारण मंगळवारी रेडिओवर तुमचा आवाज चांगला ठणठणीत होता. सरहद्दीच्या नाक्यावरच्या आमच्या तंबूत आम्ही सगळ्या बायका तुमचं नगरपालिकेतलं भाषण ऐकत बसलो होतो. 'पनामाचा रोगट कांदा कोस्टा रिकाच्या स्वयंपाकघरात येता कामा नये!' टाळ्याही बऱ्याच पडल्या. माझ्या शेजारची म्हणाली, "एर्मेलिंदा, ही तुझीच विहीण ना गं? इत्सेलच्या लग्नात तुझ्या कांद्याचं लोणचं वाटीने खाणारी?" मी म्हटलं, नाही, आवाज सारखा वाटतोय.

आधी तुमच्या सरकारने आमचा कांदा अडवला की आमच्या सरकारने तुमचं चीज, हे आता दोन्ही राजधान्यांतल्या साहेबांनाही आठवत नसेल. मला एवढंच दिसतं की जूनपासून कांदा गोण्यांत सडतोय आणि वरून पाऊस थांबत नाही. म्हणून आम्ही रस्त्यावर ओंडके टाकून बसलोय. एक ट्रक जाऊ देणार नाही, एक बस जाऊ देणार नाही. समितीची अध्यक्ष मी आहे, तेव्हा जी काही शिवीगाळ करायची ती माझ्या नावाने करावी.

पण पत्र कांद्यासाठी लिहीत नाही. माझी मुलगी तुमच्याकडे आहे आणि तिला सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण आईपाशी, आणि नंतरचे चाळीस दिवसही आईच्याच हातचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी मे महिन्यापासून कोंबड्या पोसते आहे. रोज एकीचं सूप, डोक्याला फडकं, कानात कापूस, दारं बंद. सप्टेंबर लागायच्या आत तिला माझ्याकडे पाठवायची तयारी करा.

आणि आणखी एक. तिला आल्मोहाबानोचे डोहाळे लागलेत असा निरोप आला, तेव्हा मी पहाटे उठून कोवळा मका दळला, चीज घालून वळे केले, तळले, आणि जावयाच्या, ओल्मानच्या हाती डबा दिला. सोबत लोणच्याची बाटली होती. तेवढ्यावरून तुमच्या नाक्यावरच्या एवेलियोने आख्खा डबा जप्त केला. कांदा म्हणे! मग त्याने तो कुठे पुरला ते मला माहीत आहे, त्याच्या पोटात. हेही सोडून देते. पण नंतर ओल्मान सांगत होता की तुम्ही तुमच्या हाताने आल्मोहाबानो केलेत, आणि इत्सेलने ते पाच खाल्ले, आणि म्हणाली, 'अगदी आईसारखे.'

आईसारखे! तुमच्याकडचा तो पिवळा, जुना मका घेऊन? मला दोन रात्री झोप नाही.

एर्मेलिंदा पिती

---

एल सेइबो, कोस्टा रिका
१० ऑगस्ट

माझ्या लाडक्या विहीणबाई,

तुमचं पत्र बसवाल्या तीतोने ओंडक्यांवरून उडी मारून आणून दिलं. देव त्याचं भलं करो. कपभर कॉफी घेऊन अंगणात बसलेय आणि तुम्हाला डोळ्यांसमोर आणून लिहितेय. पावसात, त्या तंबूत, या वयात! छातीला जपा हो.

भाषणाचं काय मनावर घेता? राजकारणात चार शब्द बोलावे लागतात. मी नगरपालिकेत निवडून आलेली बाई आहे. शेजारच्या प्राक्सेदेसने मला बोलण्याआधीच टोमणा मारला होता की अदिलियाबाईंचे सोयरे पलीकडे आहेत, त्या काय बोलणार! विरोधी पक्षातली ती. माझ्या आणि तिच्या अंगणात फक्त एक जास्वंदीचं कुंपण, पण गेली कित्येक वर्षं ती मला पाण्यात पाहते. मग मला बोलावंच लागलं. आणि तुमच्या समितीच्या बायकांनी माझ्या चीजचे गोळे रस्त्यात टाकून त्यांवर नाच केला, त्याबद्दल मी एक अक्षर तरी काढलं का? गायीच्या दुधाचं होतं हो ते. असो. देव सगळ्यांना क्षमा करतो.

इत्सेलचं म्हणाल तर पोर अगदी फुलासारखी आहे. मी तिला पलंगावरून पाय खाली टेकू देत नाही. सकाळी गरम गुळाचं पाणी, ताज्या पोळीवर साय, संध्याकाळी माझ्या हाताने पायांना तेल. परवा झोपेत मला 'आई' म्हणाली. मला रडूच आलं.

तिला तुमच्याकडे पाठवायला माझी काय ना आहे? पण पाठवू कशी? बस जात नाही. जीप जात नाही. रस्ता तुम्हीच अडवलाय ना, विहीणबाई? आठव्या महिन्यात त्या बाईने चिखलातून ओंडके ओलांडत पलीकडे जायचं, आणि मग ती डोंगराची वळणं? तुमच्या आंदोलनापायी तिला काही झालं तर मी माझ्या मुलाला काय तोंड दाखवू?

आणि तुम्ही म्हणता आई आई, तर आईचं दुःख मलाही आहे. माझा ओल्मान दर रविवारी पायी तुमच्याकडे येतो, नांगरायला मदत करतो म्हणे. संध्याकाळी पोट भरून परततो. मी त्याच्यासाठी मटणाचं कालवण झाकून ठेवलेलं असतं, तर म्हणतो, "मामींनी इतकं वाढलं की आता जागाच नाही." सत्तावीस वर्षं माझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोर. जागा नाही म्हणे. मी ते कालवण सोमवारी कुत्र्याला घालते.

तुमचीच,
अदिलिया उमान्या

---

आल्तो पिएद्रा
२६ ऑगस्ट

डोन्या अदिलिया,

झोपेत 'आई' म्हणाली, तर ती मला हाक मारत होती. तुम्ही मध्ये उभ्या होतात एवढंच.

बरं झालं तुम्ही रस्त्याचं लिहिलंत. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, खरंच आलं नव्हतं. दोन महिने मी त्या ओंडक्यांवर बसून घोषणा देतेय आणि त्याच ओंडक्यांनी माझी मुलगी तिकडे अडकवून ठेवलीय, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. तुम्हाला ते वाचताना किती गुदगुल्या झाल्या असतील ते मी ओळखून आहे.

तेव्हा ऐका. शुक्रवारी मी आमच्या आमदाराच्या घरी गेले. त्याला सांगितलं, आता पुरे, करार करा, थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील. तो हादरला. म्हणाला, "डोन्या एर्मेलिंदा, गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात की एक इंच मागे सरणार नाही!" मी म्हटलं, गेल्या आठवड्यात होते तशी या आठवड्यात नाही. समितीतही तेच सांगितलं. अर्ध्या बायका म्हणतात मी विकली गेले. म्हणू देत. त्यांच्या मुली त्यांच्याजवळ आहेत.

पण गंमत बघा. ज्या दिवशी मी इकडे मवाळ झाले, त्याच दिवशी तुम्ही तिकडे जहाल झालात! तीतोच्या बसमध्ये तुमचं वर्तमानपत्र असतं. 'नगरपालिका सदस्य अदिलिया उमान्या यांचा ठराव: पनामाने माफी मागेपर्यंत कुठलाही समझोता नको.' माफी? कसली? तुमचं चीज कोठारात बुरसतंय आणि तुम्ही माफीसाठी अडून बसलात? तुमच्या गावाला वाटत असेल, बाई काय देशभक्त आहे! मला कळतं तुमची देशभक्ती कुठल्या पलंगावर निजलीय ते.

करार होणार. रस्ता उघडणार. आणि इत्सेल माझ्या घरी येणार.

एर्मेलिंदा

---

एल सेइबो
१४ सप्टेंबर

विहीणबाई,

अभिनंदन! तुमचाही विजय झाला आणि आमचाही. कालपासून रेडिओ बंद करायची सोय नाही. आमचे मंत्री म्हणाले, 'पनामाला अखेर नमावं लागलं.' तासाभराने तुमच्या मंत्र्यांचं भाषण लागलं तर ते म्हणत होते, 'कोस्टा रिकाने गुडघे टेकले.' एकाच कागदावर दोघांनी सही केलीय हो! ओल्मान हसून हसून खाली बसला. मी विचारलं, मग हरलं कोण? तर म्हणतो, "आई, दोन्हीकडचे विरोधक सांगतील ना."

आणि सांगितलंच. प्राक्सेदेस सकाळपासून दंडाला काळी फीत बांधून फिरतेय. सभेत उठून म्हणाली, हा करार म्हणजे आमच्या गायींच्या गळ्यावर सुरी आहे. ज्यांच्या फ्रिजमध्ये पनामाचं लोणचं सापडेल अशा बायकांनी तो पाठीशी घातलाय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता लोणच्याची ही दुसरी बाटली ओल्मानने तुमच्याकडून कधी आणून ठेवली ते मला खरंच ठाऊक नव्हतं. चांगलं मुरलं होतं.

माझा करारावर राग आहेच, पण झालेल्या गोष्टीला नाकारून चालत नाही. पंचवीस तारखेला नाक्यावर मोठा समारंभ आहे. दोन्हीकडचे आमदार, बँड, पाद्रीबाबा. आमच्या चीजचा पहिला ट्रक त्या दिवशी पलीकडे जाईल. त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं आणि बाप्तिस्म्याच्या बाळाला असते तशी त्याची धर्ममाता होऊन बॉनेटला फीत बांधायची, यासाठी गावाने माझं नाव काढलं. मी नको नको म्हणत होते. लोकांचा फारच आग्रह पडला. नवीन निळा पोशाख शिवायला टाकलाय. प्राक्सेदेसने जाहीर केलंय की ती समारंभावर बहिष्कार टाकणार, घरीच बसणार. बसू दे बापडीला.

इत्सेल छान आहे. पण डॉक्टर म्हणाले की आता प्रवास नको, अजिबात नको. मी खूप विचारून पाहिलं. नाहीच म्हणाले. देवाची इच्छा.

अदिलिया

---

आल्तो पिएद्रा
१९ सप्टेंबर

डोन्या अदिलिया,

डॉक्टरांचा हा सल्ला ओल्मानला माहीत नाही. मी रविवारी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कुठले डॉक्टर, मामी?" मग बिचारा ताटावर वाकून भराभर जेवायला लागला. तुमचा मुलगा तुमच्यापेक्षा बरा आहे. खोटं बोलायची वेळ आली की तो जेवतो.

आमच्याकडची वार्ता. आमच्या विरोधकांनी गळ्यात कांद्याच्या माळा घालून मोर्चा काढला. करारात कांदा किती मोठा असावा ते लिहिलंय म्हणे, आणि मुठीत मावत नाही तो परत जाणार. 'आमच्या कांद्याचं माप त्यांची मूठ ठरवणार काय?' असा फलक होता. आमचा आमदार चौकात म्हणाला की हा आपला इतिहासातला सर्वांत मोठा विजय आहे, आणि पाऊस आला म्हणून गाडीत जाऊन बसला. समितीतल्या ज्या बायका मला विकाऊ म्हणत होत्या त्यांनीच ओंडके उचलले. उचलताना एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

असो. तुमच्या चीजच्या ट्रकला धर्ममाता आहे तर आमचा कांद्याचा पहिला ट्रक काय अनाथ जाणार? सुरुवातीला शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं नाव होतं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी दुपारीच मी आमदाराकडे गेले. आता माझं नाव आहे. माझा पोशाख लाल आहे आणि तो लांबून दिसतो.

व्यासपीठावर मध्ये एक खुर्ची आहे, पाठ उंच असलेली, चर्चमधून आणलेली. दोन्हीकडचे आमदार तिच्या एकेका बाजूला बसणार. दोन धर्ममातांपैकी तिच्यावर कोण बसणार हे दोन्ही बाजूंनी अजून ठरवलेलं नाही. मी ठरवलंय.

आणि समारंभ झाला की मी तशीच तुमच्या घरी येईन. जीपमध्ये गादी टाकून आणतेय. डॉक्टर असले तर त्यांनाही बसवेन.

एर्मेलिंदा

---

एल सेइबो
२७ सप्टेंबर

डोन्या एर्मेलिंदा,

आज मला गोड बोलता येणार नाही, तेव्हा तसं वाचू नका.

तुम्ही सकाळी सातलाच येऊन त्या खुर्चीवर बसला होतात. मी आले तेव्हा मंडपात फक्त तुम्ही, बँडवाले आणि एक कुत्रं. शेजारच्या लाकडी खुर्चीवर बसले आणि सगळ्यांकडे बघून हसत राहिले. गाल दुखले माझे. फोटो काढणारा म्हणाला, "लाल पोशाखातल्या बाई, मान जरा इकडे." माझ्याकडे त्याने कॅमेरासुद्धा फिरवला नाही. मी त्या क्षणी तुमचं वाटोळं चिंतलं. हो, चिंतलं. पाद्रीबाबांसमोर.

पण हे त्याबद्दल नाही. तुमचा आमदार बोलत असताना एवेलियो खालून वाकून तुमच्या कानाशी आला. मी पाहिलं. त्याच्या कार्यालयातल्या फोनवर ओल्मानचा निरोप होता, इत्सेलला कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, लवकर या. तुम्हाला तो आधी सांगितला. तुम्ही मान हलवलीत, आणि बसून राहिलात! पोटच्या पोरीच्या वेणा चालू, आणि तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिलात. टाळ्याही वाजवल्यात.

मला तो नंतर सांगायला आला. खरं सांगते, मी उठणारच होते. पण तुम्ही बसलेल्या. मला वाटलं, आई बसलीय म्हणजे घाईचं नसेल. मग वाटलं, मी उठून गेले तर हिच्या ट्रकला फीत, माझ्या ट्रकला कोण? हीच बांधेल, दोन्ही बांधेल. आणखी एक भाषण होतं. एकच. मग पवित्र पाणी शिंपडून झालं की पळायचं, आणि तुमच्या आधी पोचायचं.

तुम्ही माझ्याकडे का बघत होतात मधून मधून? मी उठते का ते?

दहा मिनिटांची वाट आहे नाक्यापासून माझ्या घरापर्यंत. आपण दोघी कशा धावलो ते सगळ्या गावाने पाहिलं. तुमचा लाल पोशाख चिखलाने भरला, माझा एक जोडा राहिला तिथेच. दारात ओल्मान उभा होता. माझा मुलगा, माझ्याच दारात, मला म्हणाला, "मुलगी झाली, आई. दोघी बऱ्या आहेत. झोपल्यात. आता आत येऊ नका."

हे तुमच्यामुळे झालं.

अदिलिया

---

आल्तो पिएद्रा
३० सप्टेंबर

डोन्या अदिलिया,

बसून राहिले. खोटं कशाला बोलू?

एवेलियो कानाशी लागला आणि माझे पाय हलले होते. तेवढ्यात तुमच्याकडे नजर गेली. तुमचा हात माझ्या खुर्चीच्या हातावर होता. सहज ठेवल्यासारखा. मी उठले असते की तुम्ही बसला असतात, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की दुसरं काहीच दिसेना. मग मनाला समजावलं, पहिलं बाळंतपण आहे, तासन्‌तास लागतात, मला स्वतःला इत्सेलच्या वेळी रात्र गेली होती. तिने अर्धा दिवससुद्धा घेतला नाही. माझ्यावर नाही गेली.

तुम्हाला निरोप मिळाला तो मला दिसला. मी वाट बघत होते तुम्ही उठण्याची, म्हणजे मग मलाही उठता आलं असतं. तुम्ही हातरुमालाने वारा घेत बसलात.

मला तुमचा हेवा वाटतो, अदिलियाबाई. आजचा नाही, लग्नाच्या दिवसापासूनचा. मुलगी माझी, आणि तिला सकाळी पहिल्यांदा तोंड धुताना बघता तुम्ही. तिचे केस कसे वाढलेत, ती चिडली की काय करते, हे मला ओल्मानच्या तोंडून कळतं, तेही रविवारी. तुमचे ते पाच आल्मोहाबानो मी अजून विसरलेले नाही. त्या खुर्चीवर बसले तेव्हा वाटलं, एकदा तरी मी मध्ये आहे आणि ही बाजूला. एवढ्यासाठी बसले.

घरी आल्यावर त्या जीपमधली गादी कुणी उतरवली नाही. तशीच पडलीय. पावसात भिजलीय.

पण एक सांगा. ओल्मानने आपल्याला आत घेतलं नाही, पण आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. आत कोण होतं?

एर्मेलिंदा

---

एल सेइबो
६ ऑक्टोबर

आई आणि सासूबाई,

दोघींना मिळून हे एकच पत्र लिहितेय. दोन लिहिली असती तर कुणाचं लांब आहे ते तुम्ही मोजलं असतं. आई, वाचून झालं की तीतोकाकांच्या हाती सासूबाईंना पाठव. मधली पानं काढून ठेवू नकोस.

मुलगी छान आहे. गोरी नाही, काळी नाही, गालावर डाग नाही. नाव अजून ठेवलेलं नाही. तिचा आवाज आईसारखा आहे आणि रडताना ती सासूबाईंसारखी मध्येच थांबून कुणी बघतंय का ते बघते.

त्या दिवशी ओल्मानने फोन केला आणि परत येऊन मला सांगितलं, "निघाल्याच असतील." मी खिडकीकडे बघत होते. बँड ऐकू येत होता. भाषणंही ऐकू येत होती, लाउडस्पीकर मोठा होता. आमच्या आमदारांचा विजय झाला, मग तिकडच्या आमदारांचा विजय झाला. प्रत्येक टाळीला मला वाटायचं, आता संपलं, आता येतील. ओल्मान घाबरून नुसता दारातून खिडकीत आणि खिडकीतून दारात. अख्ख्या गावात त्या वेळी घरी एकच बाई होती, कारण तिने समारंभावर बहिष्कार टाकला होता. ओल्मानने कुंपणावरून तिला हाक मारली. प्राक्सेदेसबाई जास्वंदी मोडून आल्या. दंडाला काळी फीत होती, ती त्यांनी सोडली आणि नाळ बांधायला वापरली, उकळून. दुसरं काही हाताशी नव्हतं.

माझा हात त्यांनी धरला होता. मी त्यांना आई म्हटलं का, ते मला आठवत नाही. म्हटलं असेन.

चाळीस दिवस मी त्यांच्या घरी राहतेय. रागाने नाही, आई. राग आहे, पण तो कारण नाही. तुम्हा दोघींपैकी एकीच्या घरी गेले असते तर दुसरी मेली असती, आणि जिच्या घरी गेले असते ती मिरवत बसली असती. मला झोप हवी आहे. सूप ओल्मान करतोय. खारट करतो.

बाप्तिस्मा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. तुम्ही दोघी ट्रकांच्या धर्ममाता आहातच. मुलीच्या धर्ममाता प्राक्सेदेसबाई आहेत. त्यांनी हो म्हटलंय, आणि दोन्ही आजींना पहिल्या बाकावर बसवायचं कबूल केलंय. एकाच बाकावर. बाकाला मध्य नसतो, ओल्मान बघून आलाय.

तुमची
इत्सेल

---

एल सेइबो
११ ऑक्टोबर

एर्मेलिंदा,

पत्र पोचलं. सगळी पानं होती.

प्राक्सेदेस! मला दुसरं कुणीही चाललं असतं. तुम्हीसुद्धा चालला असतात, आता लिहायला हरकत नाही. काल नगरपालिकेत ती माझ्याशी गोड बोलली हो. म्हणाली, "काळजी करू नका अदिलिया, नात तुमच्याच नाकाची आहे." माझं नाक तिने मला सांगायचं! कराराच्या बाजूने माझं भाषण होतं. मी ते तसंच खाली ठेवून घरी आले. लोकांना वाटलं, मी पुन्हा विरोधात गेले. आज वर्तमानपत्रात तसं छापूनही आलंय.

रात्रंदिवस मी स्वयंपाकघरात उभी राहते, कारण तिथून कुंपण जवळ आहे. जास्वंदी मोडलीय तिथे भोक पडलंय. त्यातून दोरीवर वाळत घातलेल्या लंगोट्या दिसतात. सकाळी अकराच्या सुमाराला नात रडते, मग थांबते, मग प्राक्सेदेस काहीतरी गाते. बेसूर आहे. पोरगी ऐकून घेते.

ओल्मान मागच्या अंगणात सूप शिजवतो आणि पातेलं घेऊन माझ्या दारावरून जातो. काल म्हटलं, बघू दे रे, चव तरी बघू दे. मीठ फार होतं. मी गरम पाणी ओतलं त्यात. तो तसंच घेऊन गेला. आज पुन्हा दारात थांबला.

तुमच्या कोंबड्या मोठ्या झाल्या असतील. रस्ता आता उघडा आहे. दोन पाठवा, किंवा तुम्हीच घेऊन या. आल्मोहाबानोचा मकाही आणा, आमचा खरंच जुना असतो. आपण दोघींनी मिळून केलं तर ओल्मान नाकारणार नाही, आणि इत्सेलच्या तोंडी आपल्या हातचं जाईल. प्राक्सेदेसला कळायचं कारण नाही.

मला निदान बाळाचं रडणं ऐकू येतं. तुम्हाला तेवढंही येत नाही, याचं आधी मला बरं वाटत होतं. या, माझ्या अंगणात बसून ऐका. कुंपणाशी दोन खुर्च्या मांडल्यात. दोनच आहेत.

अदिलिया